शब्दचर्चा : 'क्वालिफाइड प्रिझम्प्शन ऑफ सेफ्टी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

पशुखाद्यात मिसळल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या सुरक्षिततेवरील एका युरोपीय अहवालाचा मराठी गोषवारा करते आहे. त्यात 'क्वालिफाइड प्रिझम्प्शन ऑफ सेफ्टी' (क्यूपीएस) हा शब्दप्रयोग पावलोपावली येतो. यंत्राने 'सुरक्षिततेचे पात्र अनुमान' असा अनुवाद दिला, त्यातून काहीच बोध होत नाही. सरळ 'सुरक्षित म्हणून प्रमाणित' लिहिले तर चालेल का? शिवाय 'स्पीशीज' आणि 'स्ट्रेन' या दोन्हींना मी 'प्रजाती' लिहिले आहे. वाचक पशुपालक आणि पशुवैद्यक असतील.

प्रतिसाद

'प्रमाणित' कृपया नको. कुणीतरी ते उत्पादन तपासून त्यावर शिक्का मारला, असा त्याचा अर्थ होतो. क्यूपीएसमध्ये नेमके तेच झालेले नसते.

इथला 'क्वालिफाइड' हा 'क्वालिफाइड डॉक्टर'मधला नाही. लेखापरीक्षक 'क्वालिफाइड' शेरा देतो, म्हणजे हिशेब मान्य, पण अमुक बाब वगळून. तोच अर्थ इथे आहे : सशर्त. 'अनुमान'ही बसत नाही. पुराव्यावरून आपण शेवटी जिथे पोचतो ते अनुमान. इथे तर सुरुवातच तिथून करायची आहे, उलट पुरावा मिळेपर्यंत. म्हणून 'गृहीतक'. 'सशर्त सुरक्षितता-गृहीतक' हा शब्द जड आहे हे मान्य, पण पहिल्यांदा तो फोड करून द्यावा आणि पुढे क्यूपीएस लिहावे. 'सशर्त' मात्र कुठेही गाळू नका, सगळा जीव त्या शब्दात आहे.

पार्मा येथील युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही पद्धत २००७ साली स्वीकारली. परवानगीच्या अर्जांत जिवाणूंच्या त्याच त्या जाती (स्पीशीज) पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी पाटी कोरी करून बसण्यात अर्थ नसतो. म्हणून जातीपुरते एकदाच पाहायचे : तिची ओळख पक्की आहे का, तिच्याविषयी पुरेशी माहिती साठलेली आहे का, ती रोग किंवा विष निर्माण करते का आणि ती वापरायची कशासाठी. यात जी उतरेल ती यादीत. यादीत भर घालायची की नाही याचा आढावा दर सहा महिन्यांनी घेतला जातो. काही नावांपुढे अट असते. बॅसिलसच्या जातींना विषनिर्मिती होत नसल्याचे दाखवावे लागते.

यादीबाहेरच्या जातीला 'असुरक्षित' म्हणणेही तितकेच चूक. एन्टेरोकॉकस फिशियम पशुखाद्यात वर्षानुवर्षे वापरला जातो, पण त्याचेच काही वाण (स्ट्रेन) रुग्णालयांत संसर्ग घडवतात, म्हणून त्या जातीला हे गृहीतक लागू नाही. त्यावर आधारलेल्या उत्पादनाची पूर्ण छाननी होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता 'प्रजाती'. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. त्यात स्ट्रेनलाही तोच शब्द दिलात तर वाचक पुरता गोंधळेल. माझी सूचना : स्पीशीज = जाती, स्ट्रेन = वाण. बियाण्यांमुळे 'वाण' पशुपालकांच्या तोंडात आहेच.

हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. गृहीतक मिळते ते जातीला. प्रतिजैविकांना तो दाद देतो का, ही तपासणी मात्र वाणागणिक करावीच लागते. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या एका वाणात टेट्रासायक्लीन आणि लिंकोमायसीन या प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके दोन सुट्या प्लाझ्मिडांवर (मुख्य गुणसूत्राहून वेगळ्या, डीएनएच्या छोट्या कड्यांवर) सापडली. प्लाझ्मिड शेजारच्या जिवाणूकडे जाऊ शकते, आणि तो शेजारी रोगकारक असला तर? ती दोन्ही प्लाझ्मिडे काढून टाकून नवा वाण तयार केला गेला. जात एकच, पण एका वाणात ती जनुके आहेत, दुसऱ्यात नाहीत. 'ही प्रजाती सुरक्षित आहे' या वाक्यात हा फरक कुठेच दिसत नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर घालतो. 'रेझिस्टन्स'ला 'प्रतिकारशक्ती' लिहू नये. 'या जिवाणूत प्रतिकारशक्ती आहे' असे वाचले की पशुपालकाला ती जमेची बाजू वाटेल, कारण जनावराची प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठीच तो हे उत्पादन घेतो. 'प्रतिजैविकाला दाद न देणे' हा आपला रुळलेला प्रयोग बिनचूक आहे. नाम हवेच असेल तर 'प्रतिरोध'.

त्यातही उपजत आणि अर्जित (मागाहून मिळवलेला) असा भेद करावा. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस व्हॅन्कोमायसीनला उपजतच दाद देत नाही. ते औषध पेशीभित्तिकेच्या घटकांचे एक ठरावीक टोक पकडते आणि या जिवाणूत ते टोकच वेगळे असते. हा गुण सगळ्या जातीचा असतो आणि तो सहजी दुसऱ्याला देता येत नाही. छाननीत चिंता असते ती अर्जित प्रतिरोधाची.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार, 'वाण' आणि 'दाद न देणे' लगेच उचलले. आणखी दोन अडचणी. अहवालात त्याच जिवाणूची दोन वेगळी नावे दिसतात. आणि 'टार्गेट स्पीशीज'ला आता 'लक्ष्य जाती' म्हणायचे का?

प्रतिसाद

लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची २०२० मध्ये फेरमांडणी होऊन तिच्या जागी पंचवीस प्रजाती झाल्या. रॉयटेरी आता लिमोसिलॅक्टोबॅसिलसमध्ये आहे. नवे नाव लिहा आणि पहिल्या उल्लेखात कंसात जुने द्या. नावापुढचा संग्रह-क्रमांक (जिवाणू-संग्रहात त्या वाणाला दिलेला क्रमांक) मात्र जसाच्या तसा ठेवा. गोषवारा करताना तो निरर्थक वाटून गाळला जातो, पण वाणाची खरी ओळख त्या क्रमांकातच असते.

'लक्ष्य जाती' अजिबात नको, कारण इथली स्पीशीज जिवाणूची नाही, जनावराची आहे. 'ज्या जनावरांना द्यायचे ती जनावरे' असे सरळ लिहा. शब्द वाढले तरी हरकत नाही.

याच ओघात 'यूजर सेफ्टी'ही पाहून घ्या. 'वापरकर्त्याची सुरक्षितता' म्हटले की दूध, मांस, अंडी खाणारा डोळ्यांसमोर येतो. त्या अहवालांत खाणाऱ्याचा विचार 'ग्राहक' म्हणून वेगळा केलेला असतो. 'यूजर' म्हणजे पोते फोडून भुकटी खाद्यात मिसळणारा माणूस. क्यूपीएसचे गृहीतक जनावर, ग्राहक आणि पर्यावरण यांच्यापुरते चालते. या माणसाला ते लागू होत नाही. जात यादीत असली तरी भुकटीची धूळ श्वासावाटे गेल्यास श्वसनमार्गाची ॲलर्जी उद्भवू शकते, असेच धरून चालतात. म्हणून 'हाताळणाऱ्याची सुरक्षितता' लिहा आणि ते वाक्य गोषवाऱ्यातून वगळू नका. तुमच्या वाचकांपैकी बहुतेक जण ते पोते स्वतःच फोडणार आहेत.