प्रोबेटच्या अर्जावर सह्या कोणाच्या?
प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाने दिलेलं प्रमाणपत्र. त्याच्या अर्जावर एक्झिक्युटरची (मृत्युपत्र अमलात आणायला त्यातच नेमलेल्या माणसाची) एक सही पुरते असं म्हणतात, ते अर्धंच खरं. भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 280 प्रमाणे अर्जावर एक्झिक्युटरची आणि वकील असेल तर त्याचीही सही लागते. शिवाय खाली मजकूर खरा असल्याचं सत्यापन एक्झिक्युटरनेच करायचं. लोक अडकतात ते पुढे: कलम 281 नुसार मृत्युपत्रावरच्या निदान एका साक्षीदाराचंही सत्यापन हवं, अर्थात तो उपलब्ध असेल तर. तेव्हा साक्षीदार म्हातारे असतील तर अर्ज लांबवू नका. सत्यापनात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर शिक्षा आहे, म्हणून अर्जातली मालमत्तेची यादी नीट वाचूनच सही करा. मृत्युपत्रात दुसराही एक्झिक्युटर नेमलेला असेल आणि त्याला हे काम नकोच असेल तर त्याने तसं लेखी, सहीनिशी द्यावं. पण मग त्याला पुन्हा प्रोबेट मागता येत नाही.