सीट मधोमध का, तर पायांसाठी
महागड्या सुपरकार म्हणजे "मुद्दाम कमी गाड्या काढायच्या आणि भाव चढवायचा", आणि त्यांचा आकार म्हणजे नुसता दिखावा, असं इथे कुणीतरी म्हटलंय. पहिलं म्हणणं आजच्या बऱ्याच 'लिमिटेड एडिशन'ना लागू पडतं, मान्य. पण मॅक्लारेन एफ१ ही १९९०च्या दशकातली ब्रिटिश सुपरकार घ्या. त्या जेमतेम १०६ बनल्या, त्या ठरवून नव्हे. कंपनीला जास्त विकायच्या होत्या, गिऱ्हाईकच मिळेना.

आणि आकार म्हणजे नुसता दिखावा, हे तर अजिबात पटलं नाही. इंजिन मधे, म्हणजे चालकाच्या पाठीमागे असलेल्या गाडीत चालक इतका पुढे बसतो की पुढच्या चाकाची कमान पायाशी घुसते आणि पेडल तिरकी बसतात. एफ१चे रचनाकार गॉर्डन मरे यांनी चालकालाच मध्यभागी आणून ती कटकट मिटवली. दोन प्रवासी दोन्ही बाजूंना, जरा मागे. इंजिनाच्या कप्प्यात सोन्याचा वर्ख लावला तोही उष्णता परतवायला. (आत शिरताना मात्र कसरत करावी लागते!)