९ फुटी रॉड घेतला म्हणून ५ ग्रॅमचा लूअर लांब जात नाही, राजेहो

बर्डीची गरी
काल इथे गरीच्या गटात 'खिंडसीकाठ' यांनी लूअर (नकली आमिष) फेकायला शिकणाऱ्या नव्या पोरांना सल्ला दिला: "हलका लूअर लांब फेकायचा तर डोळे मिटून ९ फुटी रॉड घ्या, बाकीचं नंतर पाहू." खाली चौघांनी लगेच दुकानाचा पत्ताही विचारला. त्या चौघांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून एवढं लांब लिहितो.

लूअर जातो तो रॉडच्या वाकामुळे. हात पुढे येताना लूअरच्या वजनाने टिप (रॉडचं टोक) मागे वाकते आणि सरळ होताना लूअरला फेकते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या ९ फुटी रॉडवर १०–३० नाहीतर १५–४० ग्रॅम, म्हणजे त्याला झेपणारं लूअरचं वजन, छापलेलं असतं. त्याला ५ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचा लूअर) लावला तर टिप वाकतच नाही. लूअरचं वजन हाताला जाणवत नाही, म्हणून माणूस जास्त जोर लावतो, बोट लाइनवरून उशिरा सुटतं आणि लूअर समोरच पाण्यात आपटतो. दोष फेकणाऱ्याचा नसतो.

हाच स्पिनर २–१० ग्रॅमच्या ७ फुटी लाइट रॉडवर लावून बघा. छापलेले दोन्ही आकडे म्हणजे हद्दी आहेत, रॉड खरा चालतो मधल्या आणि थोड्या वरच्या भागात. २–१० असेल तर ५ ते ८ ग्रॅम. त्यामुळे रॉड घेण्याआधी आपले लूअर तोला, हुकांसकट. इतवारीत सराफाकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा पुरतो. ट्रेबल (तीन काट्यांचे) हुक आणि ते अडकवायच्या स्प्लिट रिंगा बदलल्या की ग्रॅमभर फरक सहज पडतो, आणि ५ ग्रॅमच्या लूअरमध्ये एक ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा झाला.

खिंडसीकाठ
भाऊ, तुम्ही जाड रॉडचा राग लांबीवर काढता आहात. ३–१५ ग्रॅमचे ८ आणि ९ फुटी रॉडही मिळतात, शोधावे लागतात एवढंच. हात तेवढ्याच वेगाने फिरला तर लांब रॉडची टिप जास्त वेगाने फिरते, हे तरी मान्य आहे ना? शिवाय धरणाच्या बांधावर उभं राहून पहा. खाली दगडाचं पिचिंग, पुढे गवताचा पट्टा. ६ फुटी रॉडने लूअर काठाशी आला की लाइन दगडावर घासते. ९ फुटाने ती वर धरता येते. ७ फुटाच्या गोष्टी अंबाझरीच्या सपाट काठावर ठीक आहेत.

बर्डीची गरी
३–१५ चा ९ फुटी रॉड असेल तर माझं भांडण नाही. पण तुम्ही ग्रॅमचा आकडा लिहिलाच नव्हता, "डोळे मिटून" लिहिलं होतं. आणि "हात तेवढ्याच वेगाने फिरला तर" यातच सगळी मेख आहे. ९ फुटी रॉडची टिप स्वतः जड असते, हाताला हवा जास्त कापावी लागते. स्वस्त फायबर ग्लासचा असेल तर तो सरळही सावकाश होतो. तुम्ही धरून चाललात तो वेग हातात येतच नाही. मागे बाभळी असतील तर पूर्ण फिरवताही येत नाही.

कन्हानकाठ
दोघांच्याही बोलण्यात ॲक्शनचा, म्हणजे रॉड कुठपर्यंत वाकतो याचा, विषय राहून गेला. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, मॉडरेट साधारण अर्ध्यापर्यंत. हलक्या लूअरला मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट बरा, कारण वाक खोलवर जातो आणि बोट सोडायला किंचित जास्त वेळ मिळतो. फास्टमध्ये क्षणभर चुकलं की लूअर आभाळात जातो किंवा पायाशी पडतो. जिगला (जड डोक्याच्या हुकाला) झटका द्यायचा असेल तर फास्ट हवा, पण तो वेगळा प्रश्न आहे.

दुकानात असं तपासा: रील लावा, लाइन सगळ्या गाईडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) ओवा, आपला नेहमीचा लूअर टिपखाली ५०–६० सेंमी लटकवा आणि मनगटाने हळू हलवा. टिप लूअरच्या तालावर वाकली पाहिजे. नुसता लूअर झुलतो आणि रॉड सरळच राहतो, तर तो रॉड त्या वजनाचा नाही. मग टिपजवळचे गाईड पहा. तिथे दोन पायांचे जड गाईड आणि त्यावर एपॉक्सीचे गोळे असतील तर टिप सरळ झाल्यावरही थरथरत राहते, आणि ती थरथर लाइनला घासून अंतर खाते. एका पायाचे बारीक गाईड हवेत.

मरळपंथी
बाप्पा, हे सगळं वाचून वाटतं की विदर्भात मासे मोकळ्या पाण्यात राहतात! मरळ कुठे असते? जलकुंभीत, बेशरमाच्या मुळाशी, शिंगाड्याच्या वेलात. तिथे २–१० ग्रॅमच्या रॉडने लांब फेकून करायचं काय? मरळ लागली की दोन सेकंदांत वेलात घुसते. हा रॉड तिला वळवू शकत नाही, हुक सरळ होतो किंवा लाइन तुटते, आणि तोंडात हुक घेऊन मासा मरतो. लांब फेकण्याच्या हौसेपायी हे होतं याचा मला संताप येतो. तिथे ७ फुटी मीडियम-हेवी (दणकट) रॉड, पीई ३ किंवा ४ (पीई म्हणजे विणलेल्या, ब्रेडेड लाइनचा जाडीचा नंबर), आणि १०–१२ ग्रॅमचा पोकळ नकली बेडूकच लागतो. १५ मीटर गेला तरी पुरे.

बर्डीची गरी
मरळपंथी भाऊ, वेलातल्या मरळीसाठी तुमचा शब्द शंभर टक्के मान्य. पण विषय तिलापिया आणि मोकळ्या पाण्यात पृष्ठभागाला येणाऱ्या छोट्या माशांचा आहे. ते काठाजवळ माणूस दिसला की दूर सरकतात, म्हणून अंतर लागतं.

आणि खरं सांगायचं तर रॉड बदलण्याआधी लाइन बदला. जाड नायलॉन काढून पीई ०.८ भरली तर जो फरक पडतो, तो दोन फूट जास्तीच्या रॉडने पडत नाही.

नायलॉनच बरा
आलं पुन्हा ब्रेडेडचं खूळ. दगडावर एकदा घासली की तंतू सुटतात. हवा असली की गुंता, गाठ घसरते, किंमत तिप्पट. वर्षानुवर्षं लोक ०.२५ च्या नायलॉनवर मासे काढत आहेत. ते काय मूर्ख होते?

कन्हानकाठ
मूर्ख कोणी म्हटलं नाही. हिशेब करून पहा. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, साधारण १.१४. ०.२५ मिमी जाडीची ५० मीटर लाइन भरते सुमारे २.८ ग्रॅम. पीई १ म्हणजे २०० डेनियर, म्हणजे ९,००० मीटरला २०० ग्रॅम. त्या हिशेबाने ०.८ ची ५० मीटर भरते ०.९ ग्रॅम. ५ ग्रॅमचा लूअर स्वतःच्या अर्ध्याहून जास्त वजनाची दोरी ओढत जातो, की पाचव्या हिश्श्याहून कमी, एवढाच प्रश्न आहे. त्यात पीई ०.८ ची जाडी साधारण ०.१५ मिमी, म्हणजे हवेचा आणि गाईडचा अडसरही कमी. ३० ग्रॅमचा जड लूअर असता तर हा फरक फारसा जाणवला नसता. म्हणून मोठ्या माशांच्या लोकांना तो दिसत नाही.

नायलॉनच बरा
हिशेब कागदावर ठीक. पण डब्यावर ०.१५ लिहितात आणि आत निघते जाड सुतळी. "४० पौंड, ०.१४ मिमी" असले लेबल मी मानत नाही.

कन्हानकाठ
यात तुम्ही बरोबर आहात. ब्रेडेड चपटी होते, तिची जाडी कॅलिपरने नीट मापताच येत नाही, आणि काही डब्यांवर पौंड (लाइनची ताकद) फुगवलेले असतात. म्हणून जाडीचा आकडा सोडा, १०० मीटर तोलून पहा. पीई ०.८ असेल तर १.८ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. ३ ग्रॅम भरली तर ती पीई १.३ च्या पुढची आहे, डब्यावर काहीही असो.

मरळपंथी
आणि तोडलेली नायलॉन कुठे जाते तेही लिहा. फुटाळ्याच्या काठावर झुडपांत अडकलेली गुंडाळी पहा. पाणकावळ्याच्या पायात ती अडकली की सुटत नाही. खिशात घालून घरी न्यायला काहून जड जाते?

नायलॉनच बरा
हा प्रश्न नायलॉनचा नाही, टाकणाऱ्याचा आहे. तुमची ब्रेडेड काय पाण्यात विरघळते? तीही तशीच राहते, वर बारीक असल्यामुळे दिसतसुद्धा नाही. सगळं खापर आमच्यावर फोडू नका.

मरळपंथी
ब्रेडेडवाल्यांनाही तेच सांगतो. तुकडा कोणाचाही असो, उचलायचा. यावर वाद नको.

बर्डीची गरी
गुंत्याचं उत्तर देतो, कारण बहुतेक लोक ब्रेडेड तिथेच सोडतात. गुंता हवेने सुरू होत नाही, ढिल्या फेऱ्याने होतो. लूअर पाण्यात पडल्यावर हँडल फिरवून बेल (रीलवरची तारेची कमान) बंद केली की लाइनचा एक ढिला फेरा स्पूलच्या (लाइन गुंडाळायच्या चकरीच्या) कडेवर आडवा पडतो. त्यावर दहा-वीस मीटर लाइन गुंडाळली जाते आणि पुढच्या फेकीला तो फेरा आपल्याबरोबर पाच-सहा फेरे ओढून बाहेर काढतो. पहिल्या गाईडवर गोळा बसतो तो हाच. उपाय: बेल हाताने बंद करा, लाइन बोटांत धरून एकदा ताणा, स्पूलकडे नजर टाका, मगच हँडल फिरवा.

दुसरं कारण, स्पूल काठोकाठ भरणे. कडेपासून दीड-दोन मिमी खाली थांबा. फारच खाली भरली तर लाइन कडेला घासून अंतर कमी होतं. २५०० आकाराच्या रीलवर १५० मीटर ०.८ ने स्पूल भरत नाही, म्हणून खाली नायलॉनचा थर द्या. ब्रेडेड गुळगुळीत असते, थेट स्पूलवर बांधली तर सगळी गुंडाळी घसरून फिरते.

खिंडसीकाठ
म्हणजे तळाला नायलॉन लागतेच.

नायलॉनच बरा
तेच म्हणतो. आणि गाठीचं काय?

कन्हानकाठ
ब्रेडेडला थेट लूअर बांधू नका, पुढे फ्लोरोकार्बन लाइनचा लीडर (छोटा तुकडा) द्या. दगडाचं घासणं तो सोसतो. जोडायला एफजी गाठ: ताणलेल्या लीडरवर ब्रेडेड एकदा वरून, एकदा खालून, असे २० वेढे, मग अर्ध्या गाठींनी बंद. ओली करून जोरात आवळा. आवळताना वेढ्यांचा रंग एकदम गडद होतो. गडद झाला नाही तर ब्रेडेड लीडरमध्ये रुतलेली नाही आणि ती घसरणारच. तुमच्या तक्रारीचं मूळ बहुधा तिथे आहे. लीडर ५० सेंमीच ठेवा, म्हणजे फेकताना गाठ टिपच्या बाहेर राहते. मीटरभर ठेवला की ती दर फेकीला गाईडमधून टक्टक् करत जाते.

आणि तुमच्या बाजूचा मुद्दाही नोंदवतो. ब्रेडेड जवळजवळ ताणत नाही. त्यामुळे दूरवर हुक लगेच बसतो, पण पातळ ओठाच्या माशाच्या तोंडातून निसटतोही. रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सुटू देणारा ब्रेक) ढिला ठेवावा लागतो. नायलॉनच्या ताणाला ही चूक माफ असते.

नायलॉनच बरा
एवढं तरी मान्य केलंत.

खिंडसीकाठ
लूअरच्या आकाराबद्दल कोणीच बोललं नाही. ५ ग्रॅमचा धातूचा छोटा चमचा आणि ५ ग्रॅमचा लाकडी मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा लूअर) एकाच रॉडवरून सारखे जात नाहीत. मिनो हवेत आडवा होतो, गिरक्या घेतो. समोरून वारा असेल तर रॉड कोणताही घ्या, मिनो परत येतो. तोतलाडोहला मे महिन्यात दुपारी फेकून पहा.

मरळपंथी
तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे मासेमारी बंद आहे. नवे लोक वाचत असताना असलं लिहू नका. बाकी तलावांवरही ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेका आहे तिला विचारूनच गरी टाकायची. ढीवर बांधवांचं पोट त्यावर चालतं.

खिंडसीकाठ
चुकलं, उदाहरण मागे घेतो. मुद्दा वाऱ्याचा होता.

बर्डीची गरी
वाऱ्याचा मुद्दा पक्का आहे. वाऱ्यात रॉड डोक्यावरून न फिरवता बाजूने फिरवा, लूअर पाण्यापासून दीड-दोन मीटर उंचीनेच जाऊ द्या. मिनोच वापरायचा असेल तर १०–१५ ग्रॅमचा बॉम्बार्डा फ्लोट (फेकायला वजन देणारा) पुढे लावता येतो, पण मग फेकायचं वजन २० च्या आसपास जातं. तिथे खिंडसीकाठ यांचा १०–३० चा लांब रॉडच योग्य, मी मोकळेपणाने सांगतो. २–१० च्या रॉडवर बॉम्बार्डा लावाल तर टिप तुटेल.

कोणाला दोन रॉडची तुलना करायची असेल तर एकच रील, तोच लूअर, दर १० मीटरला रंग बदलणारी ब्रेडेड, आणि प्रत्येक रॉडने २० फेकी. सगळ्यात लांबच्या दोन आणि सगळ्यात जवळच्या दोन सोडून बाकीच्यांची सरासरी धरा. एक लांब फेक पाहून रॉड विकत घेऊ नका.

खिंडसीकाठ
"डोळे मिटून" हे शब्द काढतो. त्या चौघांना ३–१५ ग्रॅम बघून घ्या म्हणून कळवतो. पण बांधावर ८ फुटांच्या खाली येणार नाही.

नायलॉनच बरा
लीडर किती पौंडाचा?

कन्हानकाठ
नुसता तिलापिया असेल तर ८. दगड जास्त असतील तर १२, त्याहून जाड घेतला तर एफजीला ०.८ ची पकड कमी बसते. पहिल्यांदा गाठ मारताना घरी पंख्याखाली बसू नका, वेढे सुटतात.