प्रति: लस दिलेल्या पोरांनाच बघतात का?
वर एकाने म्हटलंय की लसीची चाचणी घेताना ज्यांना लस दिली त्यांनाच बघतात आणि 'गुण आला' म्हणून मोकळे होतात. नाही हो, रोटाव्हायरस म्हणजे लहान बाळांना जुलाब लावणारा विषाणू, त्यावरच्या आपल्या देशी लसीची चाचणीच घ्या, 6,799 बाळं, दिल्ली, पुणे आणि वेल्लोर अशी तीन ठिकाणं, त्यातल्या साधारण एक तृतीयांश बाळांना तसेच दिसणारे पण लस नसलेले थेंब दिले आणि कोणाला काय मिळालं ते ना आईबापांना माहीत ना तपासणाऱ्या डॉक्टरला. निकाल 2014 मध्ये छापून आले.

आमच्याकडे अमळनेरला पुतण्याला डोस झाल्यावरही उन्हाळ्यात जुलाब लागले, लगेच आजी म्हणे काय उपयोग त्या थेंबांचा! पण जुलाब काय एकाच विषाणूने होतात का. म्हणून तर त्या अभ्यासात शौचाचा नमुना तपासून रोटाच आहे का ते बघायचे, वर जुलाब किती दिवस, उलट्या किती, ताप किती याला गुण द्यायचे आणि 20 पैकी 11 किंवा जास्त झाले तरच गंभीर धरायचे. एवढं करूनही गंभीर आजार निम्म्याहून थोडाच जास्त कमी झाला, आणि तो आकडा त्यांनी लपवला नाही, तसाच छापला.