तालमीसाठी स्वतंत्र रेकॉर्डर की मोबाइलच पुरेसा?

कोमल निषाद (राजारामपुरी)

आमचा छोटा गट नाट्यसंगीत आणि ख्यालाची तालीम एकत्र करतो. तालमीचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर न करता स्वतंत्र, हातात मावणाऱ्या डिजिटल रेकॉर्डरवर करावे, असे माझे मत झाले आहे आणि त्यावर इथल्या जाणकारांचा विरोधही ऐकायचा आहे.

मोबाइलमधील बरीचशी सोय बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून केलेली असते. हळू आवाज आपोआप वर उचलला जातो, मोठा दाबला जातो, आणि सलग चालू राहणारा ध्वनी हा गोंगाट समजून कमी केला जातो. आपल्या संगीतात असा सलग ध्वनी म्हणजे तंबोरा. ज्या षड्जाच्या आधाराने गायिकेने गंधार लावला, तो षड्जच पुसट झाला, तर गंधार चढला की उतरला हे नंतर कशावरून ठरवायचे? शिवाय आलापातील हलका स्वर आणि तानेतील जोर एकाच पातळीवर आल्यामुळे आवाजाचा लगाव तपासताच येत नाही.

मी टॅस्कॅम कंपनीच्या डीआर-०५एक्स या रेकॉर्डरकडे झुकले आहे. लेव्हल हाताने ठरवता येते, कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या दोन डबल-ए सेलवर ते चालते, आणि मुद्रण अर्ध्या गतीने ऐकले तरी पट्टी बदलत नाही. द्रुत तानेतील निसटलेला स्वर शोधायला ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

डग्गा (शुक्रवार पेठ)

आपल्या निदानाशी सहमत आहे, उपचाराशी नाही. मोबाइलची ही ढवळाढवळ बंद करणारी, आवाज मूळ स्वरूपात वेव्ह फाइलमध्ये साठवणारी ॲप उपलब्ध आहेत. तालमीचे मुद्रण आपण प्रकाशित करणार नाही. लय कुठे पळाली, तिहाई समेवर आली की नाही, एवढे त्यातून कळले पाहिजे, आणि तेवढे खिशातल्या यंत्रावर कळते. उरलेल्या पैशांत गटाचा तंबोरा मिरजेला नेऊन त्याची जवारी (तारांचा नाद खुलवणारी घोडीची घासणी) नीट करून आणावी. तंबोराच बोलत नसेल, तर उत्तम माईकही ते न बोलणेच टिपणार.

दुसरे असे, की डीआर-०५एक्स चे माईक सर्व दिशांनी सारखेच ऐकणारे आहेत. आपली खोली लहान आणि भिंती उघड्या असतील, तर गाण्याइतकाच खोलीचा घुमारा आणि पंख्याचा आवाजही त्यात येईल.

कोमल निषाद

जवारीचा मुद्दा मान्य आहे, मात्र या दोन खर्चांतील एकच निवडावा लागेल असे नाही. ॲपबद्दल माझी शंका वेगळी आहे. ॲपने प्रक्रिया बंद केली असे लिहिलेले असले, तरी प्रत्येक मोबाइल संच ते सारखे पाळतो असे नाही. एका विद्यार्थ्याच्या संचावर तंबोरा व्यवस्थित आला, म्हणून दुसऱ्याच्या संचावर येईलच अशी खात्री देता येत नाही. महिन्यापूर्वीचे गाणे आणि आजचे गाणे यांची तुलना करायची असेल, तर यंत्र, जागा आणि लेव्हल या तिन्ही गोष्टी स्थिर असाव्या लागतात. स्वतंत्र यंत्राचा आग्रह मी मुख्यतः त्यासाठी धरते.

रंकाळाकाठ

आमच्याकडे शाहिरी आहे. डफ आणि हलगी एकदम उसळली की लेव्हल कितीही विचारपूर्वक लावली तरी आवाज फाटतो, आणि सर्वांत जोमदार कडवेच वाया जाते. म्हणून मी झूम कंपनीच्या एच१एसेन्शियल या रेकॉर्डरची बाजू घेईन. ते ३२-बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण करते. त्यात लेव्हल लावण्याचा प्रश्नच राहत नाही, कारण फार मोठा किंवा फार हळू आलेला भाग नंतर संगणकावर योग्य पातळीला आणता येतो. मात्र ही पद्धत म्हणजे सर्व संकटांवरचा उतारा नव्हे. माईकचीच सहनशक्ती संपली, तर फाटलेला आवाज कोणतेही बिट जोडून देत नाहीत, त्यामुळे हलगीपासून अंतर हे ठेवावेच लागते. फाइलही मोठी होते. ४८ किलोहर्ट्झवर स्टिरिओ मुद्रण २४-बिटमध्ये तासाला साधारण १ जीबी जागा घेते, तर ३२-बिटमध्ये सुमारे १.४ जीबी.

त्याचे दोन माईक एक्स-वाय पद्धतीने एकमेकांवर तिरके बसवलेले आहेत, म्हणून ते समोरचे अधिक आणि मागचे कमी घेतात. डग्गा यांनी मांडलेल्या लहान खोलीच्या अडचणीवर हा काही अंशी तोडगा ठरतो.

डग्गा

हलगीसाठी ३२-बिट समजू शकतो. ख्यालाच्या बैठकीला त्याची गरज मला दिसत नाही. २४-बिटमध्ये सर्वांत जोरकस तान उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही आवाज फाटण्याची हद्द) राहील अशी लेव्हल लावली, तर वर पुरेशी मोकळीक उरते आणि खालचा आलापही स्वच्छ राहतो. प्रत्येक तालमीनंतर संगणकावर बसून पातळी जुळवण्याची सवय किती जण टिकवतील? ज्या मुद्रणाला ऐकण्याआधी काम करावे लागते, ते बहुधा ऐकलेच जात नाही.

खर्ज (मंगळवार पेठ)

यंत्र कोणतेही घ्या, परंतु त्यातील लो-कट, म्हणजे खालचे स्वर गाळणारी सोय, बंद ठेवा. घरघर जावी म्हणून अनेक जण तो ८० हर्ट्झवर लावतात. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा खर्जातला षड्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो आणि डग्ग्याची घुमकही त्याच परिसरात असते. घरघरीबरोबर आपण नेमका पाया कापतो.

माझा मूळ विरोध मात्र यंत्राला नसून तालमीत ते सतत चालू ठेवण्याला आहे. मुद्रण होत आहे हे ठाऊक असले की विद्यार्थ्याचे कान सैल पडतात. बंदिश नंतर ऐकून उतरवू, असे तो मनाशी म्हणतो. आपल्या कोल्हापुरात जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते. त्यांच्या गायनाचे मुद्रण मागे राहिले नाही, तरीही त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून पुढे गेली, कारण समोर बसून ऐकण्यावाचून शिष्यांना दुसरा मार्ग नव्हता.

कोमल निषाद

त्याच खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मुद्रित झाली होती, म्हणूनच १९७७ साली ती व्हॉयेजर अंतराळयानांसोबत पाठवलेल्या ध्वनितबकडीत जाऊ शकली. मुद्रण नसल्यामुळे गायकी टिकली असे म्हणण्यापेक्षा, मुद्रण नसतानाही ती टिकली, असे मी म्हणेन. खाँसाहेबांचा एखादा विलंबित ख्याल आज ऐकायला मिळाला असता, तर कोणता विद्यार्थी त्याला नको म्हणाला असता?

तरीही आपल्या सूचनेतील अर्धा भाग मी स्वीकारते. गुरुजी शिकवत असताना यंत्र बंद राहील, आणि त्यांची परवानगी असेल तेव्हाच ते चालू होईल. आम्ही शिकलेले म्हणून दाखवतो, तेवढेच मुद्रित करू.

खर्ज

या अटीवर माझा विरोध उरत नाही. मात्र मुद्रण त्याच दिवशी ऐकावे, आणि ऐकताना हातात वही असावी.

रंकाळाकाठ

निवड कोणतीही झाली, तरी जागेकडे लक्ष द्या. यंत्र तबल्याच्याच सतरंजीवर ठेवू नये, कारण प्रत्येक थाप जमिनीतून माईकपर्यंत पोहोचते. लहान तिकाटण्यावर, बसलेल्या गायिकेच्या तोंडाच्या उंचीला, दीड-दोन मीटर अंतरावर ते ठेवून पाहा, आणि पेटीचा भाता थेट त्याच्या समोर येणार नाही एवढे सांभाळा. पंखा चालू असेल तर माईकवर फोमचे टोपण हवेच. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि वापर नसेल तेव्हा सेल काढून घ्यावेत. सेल आत पाझरले तर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो.

डग्गा

माझे म्हणणे अजूनही मोबाइलच्याच बाजूचे आहे. खरेदीपूर्वी एखाद्याकडून रेकॉर्डर मागून आणा, त्याच तिकाटण्यावर मोबाइलही लावा, आणि एकच बंदिश दोन्हींवर घेऊन हेडफोनवर फक्त तंबोऱ्यासाठी ऐका. मोबाइलवर तो पुसट झालेला आढळला, तर आपण रेकॉर्डर अवश्य घ्यावा; वर्गणीत माझाही वाटा असेल.