कपड्यांचा ड्रायर आणि त्याचा बाहेर जाणारा पाइप : नागपूरकरांनो, अनुभव लिहा

धरमपेठवाली
नवतपात टॉवेल दोरीवर टाकून दुसरी बादली आणेपर्यंत वाळतो, मग नागपुरात ड्रायर कशाला, हे ऐकून कान किटलेत. उत्तर जुलैत मिळतं. लंगोट, जीन्स, चादरी, सगळं तान्ह्या पोळ्यापर्यंत दमटच. आमचा व्हेंटेड ड्रायर आहे, म्हणजे ओली गरम हवा पाइपाने भिंतीबाहेर फेकणारा. वर्षातला बराच काळ तो झाकलेला असतो आणि पाऊस लागला की रोज चालतो. माझं मत असं की आपल्याकडे ड्रायर चालून बिघडत नाही तेवढा पडून राहून बिघडतो. लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची, जाळी दर वेळी साफ करा हे पुस्तिकेत आहेच. त्यापुढे पाइपाचं, झडपेचं तुम्ही काय करता ते लिहा. कोणता घ्यावा ही चर्चा इथे नको.

खामलेकर
ताई, डक्टिंगचंच काम करतो म्हणून जरा लांबण लावतो. ड्रायरमागे बहुतेक घरी तो चकाकणारा, दाबला की गोळा होणारा फॉइलचा पाइप असतो. त्याच्या प्रत्येक वळीत लिंट बसते. प्लास्टिकचा असेल तर आजच काढा. चार इंची कडक पाइप लावा, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा, आतून गुळगुळीत. जोडावर स्क्रू मारू नका. स्क्रूचं टोक आत येतं आणि तिथेच पुंजका धरतो. अ‍ॅल्युमिनियमची टेप पुरते. जोडताना हवा ज्या बाजूला जाते त्या बाजूच्या पाइपात अलीकडचा पाइप शिरला पाहिजे, उलटं नको. काटकोनी वळणं होतील तेवढी टाळा. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी नको, ती आधी भरते. झडप लावा.

आणि दर पावसाळ्यात कोणीतरी म्हणतंच, ‘किचन चिमणीच्या सहा इंची पाइपातच ड्रायर जोडून द्या ना.’ आतून तेलाचा थर, त्यावर सुकी लिंट. मी ते काम घेत नाही, पैसे कितीही द्या.

सावजी_रस्सा
भाऊ, जाळी नको म्हनता, पन कबुतरायचं काय करू? मनीषनगरात आमच्या बिल्डिंगीत माणसायपेक्षा कबुतरं जास्त. मागच्या साली मशीन गरम होऊन राहिली, चक्कर संपून राहिली, अन् कपडे ओलेच्या ओले. मेकॅनिक म्हने थर्मोस्टॅट गेला, नवा टाका. बायको म्हने, आधी बाहेरून पाहा ना जी, झडप हालते का. मी पाहिलं तर झडप अर्धी उघडी अन् आत काड्यायचा ढीग. उन्हाळाभर कबुतरानं संसार केला तिथं. काड्या काढल्या, मशीन चालू. थर्मोस्टॅटले काहीच झालं नव्हतं.

खामलेकर
वहिनींना नमस्कार सांगा. झडप स्वतःच्या वजनाने बंद झाली पाहिजे. लिंट चिकटली की ती अर्धवट उघडी राहते. ड्रायर बंद असतो त्या महिन्यांत बाहेरून टोपण लावा आणि ‘टोपण काढा’ अशी चिठ्ठी प्लगला बांधून ठेवा.

बेसारोड
कूलरचं कोणीच कसं लिहिलं नाही? पाऊस पडला तरी कूलर लगेच उतरत नाही, आणि ड्रायर तर सुरू झालेला असतो. आमच्या पाइपाचं तोंड नेमकं कूलरच्या खिडकीखाली होतं. तो बाहेर फेकायचा, हा आत ओढायचा. कूलरच्या वाळ्यावर करडा थर, घरभर चिकचिक. कूलरमधून साबणाचा वास येतोय हे सासूबाईंनी पकडलं, आम्ही पाण्यालाच दोष देत होतो. शेवटी तोंड मागच्या भिंतीला नेलं.

त्रिमूर्तीनगर_२
अगदी. काचेने बंद केलेल्या बाल्कनीत तोंड सोडणाऱ्यांनीही वाचा. आमच्या शेजाऱ्यांकडे भिंतीला बुरशी आली.

निवृत्त_काका
मुलगी अमेरिकेत असते. तिच्या इमारतीत पाइप साफ करायला ठरलेला माणूस येतो. तिथल्या अग्निशमन प्रशासनाचा २००८ ते २०१० या काळाचा अंदाज आहे : घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९००, आणि त्यात सर्वांत पुढचं कारण सफाई न करणं. तिथे बारा महिने ड्रायर चालतात हे खरं, पण लिंट इथली असो की तिथली, पेटते सारखीच.

येताना तिने कांड्या जोडत जायचा लांब ब्रश आणला. ड्रिलला लावून फिरवतो. एक धरून ठेवा, ड्रिल उलटं फिरवलं की कांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश आतच राहतो. काम करताना प्लग काढलेला हवा. आणि तेलाने माखलेली फडकी धुतली तरी ड्रायरमध्ये नको. तेल पूर्ण जात नाही आणि गरम ढिगाऱ्यात ती आपोआप पेटू शकतात.

गोकुळपेठ_गृहिणी
सुगंधी ड्रायर शीट (कपड्यांसोबत ड्रायरमध्ये टाकायचा वासाचा तुकडा) वापरणाऱ्यांनी जाळीवर नळाचं पाणी सोडून पाहावं. पाणी वरच थांबलं तर जाळीवर मेणचट थर आहे. जाळी वरून स्वच्छ दिसते, त्यावर जाऊ नका. साबण आणि जुना दातांचा ब्रश, मग पूर्ण वाळवून परत.

मिहानचा_पोट्टा
आमचा हीट पंपवाला, म्हणजे ओली हवा बाहेर न फेकता तिच्यातलं पाणी टाकीत जमवणारा. पाइपच नाही, म्हणून सफाई नाही, असं दुकानदार म्हणाला होता. लिंट इथेही असतेच, फक्त ती खालच्या कॉइलच्या पात्यांवर बसते. मऊ ब्रशने वरून खाली, आडवं घासलं की पाती वाकतात. टाकीतलं पाणी घरचे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला निघाले होते. त्यात तंतू असतात, म्हणून मी ते फरशी पुसायला देतो.

धरमपेठवाली
खामलेकर भाऊ, कडक पाइपासाठी इतवारीत लोहा ओळीत जायचं म्हणतेय. मापं कोणती नेऊ?

खामलेकर
मशीनच्या मागच्या तोंडाचा व्यास, तिथपासून भिंतीपर्यंतचं अंतर, आणि भिंतीची जाडी. जाडी लोक विसरतात आणि पाइप भिंतीच्या आतच संपतो.