दडपणाखालचा नवखा क्वार्टरबॅक: धाडस की निर्णयक्षमता?

प्रश्न: जानेवारी 2018 मधील महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात अलाबामा विद्यापीठाचा संघ 13-0 असा पिछाडीवर असताना प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरानंतर तुआ टागोवायलोआ या प्रथम वर्षाच्या क्वार्टरबॅकला (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) उतरवले. त्याच्या यशाचे श्रेय आपण कशाला द्याल?

प्रतिसाद: निर्णयक्षमतेला. अतिरिक्त वेळेत सॅकमुळे (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले गेल्यामुळे) 16 यार्ड गमावल्यानंतर, लगेचच्या खेळीत त्याने आधी दुसरीकडे पाहून सेफ्टीला (सर्वात मागे उभ्या बचावपटूला) गुंतवले आणि मग डेव्होंटा स्मिथकडे 41 यार्डांचा विजयी टचडाउन पास (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवून देणारा) फेकला.

प्रतिसाद: सहमत आहे, मात्र चेंडू वेळीच मैदानाबाहेर फेकला असता तर ती सॅक टळली असती, आणि तिसऱ्या सत्रात त्याचा एक पास प्रतिस्पर्ध्याने झेललाही होता, हे 26-23 च्या विजयात विसरले जाते.

प्रतिसाद: म्हणूनच मला स्वतःच्या चुका लगेच विसरण्याची त्याची क्षमता अधिक मोलाची वाटते.